पडद्यासमोर बसलेली नवी मुलगी

मी एक जुना पडदा आहे. खिडकीचा नव्हे, सिनेमाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली मला ओळखणारं कुणी उरलेलं नाही. मागच्या वर्षी एका नव्या सरांनी मला गुंडाळलेला नकाशा समजून उघडलं आणि बराच वेळ माझ्यावर नद्या शोधल्या. मग कंटाळून त्यांनी मला परत गुंडाळलं, तेही वाकडं.

मित्रांनो, माझा जन्म एका कारखान्यात झाला. जाड कापड चौकटीवर ताणायचं, त्यावर पांढरा लेप द्यायचा आणि लेप ओला असतानाच पिठासारखे बारीक काचेचे मणी चाळणीने पेरायचे, असं ते काम होतं. ते मणी पेरणारी एक वयस्कर कारागीर होती. ती हाताखालच्या मुलींना बजावायची की जपून करा, इथे एक ठिपका राहिला तर सिनेमातल्या प्रत्येक माणसाच्या नाकावर तीळ येईल. तिने मला इतकं निगुतीने केलं की माझ्यावर एकही ठिपका राहिला नाही. मग मला लोखंडी नळीत बसवलं, तीन पायांचा स्टँड दिला आणि या शाळेत पाठवलं.

सुरुवातीची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. वर्षातून दोनदा मला बाहेर काढत आणि माझ्यावर दात कसे घासावेत आणि रस्ता कसा ओलांडावा ते दाखवत. मुलं जांभया देत. एरवी मी खेळाच्या सामानाच्या खोलीत, हवा गेलेल्या फुटबॉलांच्या शेजारी पडून असे. फुटबॉल निदान लाथा तरी खाऊन आले होते. माझं आयुष्य फुकट चाललं आहे असं मला वाटे.

इथे माझं एक गुपित सांगतो. मला सिनेमा दिसत नाही. आजवर एकही दिसलेला नाही. माझ्या अंगावर नुसता उजेड पडतो आणि हलतो. कानावर आवाज येतात. दिसतात ती फक्त समोर बसलेल्यांची तोंडं. सिनेमा बघताना माणूस आपलं तोंड सांभाळत नाही. आपल्याला कुणी बघत असेल हे त्याच्या मनातही येत नाही. त्यामुळे मी माणसांना जेवढं पाहिलं आहे तेवढं आरशानेही पाहिलं नसेल.

मग शाळेत भूगोलाच्या बाई आल्या. बारीक चणीच्या, भरभर चालणाऱ्या, खडूचा हात साडीला पुसणाऱ्या. त्यांना सातवीचा वर्ग मिळाला. पहिल्याच महिन्यात त्यांनी शिपाईकाकांना मला शोधायला लावलं, ओल्या फडक्याने स्वतः पुसलं आणि वर्गाच्या कोपऱ्यात कायमचं उभं केलं. मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, विचारलं की हे कशाला. बाई म्हणाल्या की मुलांना देशांच्या राजधान्या पाठ आहेत, पण त्या देशात कुणी राहतं हे त्यांना माहीतच नाही. त्यांना दर शनिवारी, अर्धी शाळा सुटल्यावर, परदेशातला एक सिनेमा दाखवायचा होता. मोठे सर हो म्हणाले, कारण नाही म्हटलं असतं तर बाईंनी आणखी अर्धा तास सांगितलं असतं.

ते शनिवार माझ्या आयुष्यातले खरे दिवस. खिडक्यांना काळा कागद लागायचा. शिपाईकाका माझे पाय उघडायचे आणि दर वेळी त्यातला एक त्यांच्या गुडघ्यावर आपटायचा, मग ते मला दोन शब्द सुनवायचे. सिनेमे कुठकुठल्या भाषांतले असत. खाली इंग्रजी अक्षरं धावत, पण मुलांना ती तेवढ्या वेगाने वाचता येत नसत. म्हणून बाई माझ्या डाव्या अंगाला स्टुलावर बसत आणि सगळ्यांचं बोलणं आपल्या भाषेत मोठ्याने सांगत. म्हाताऱ्याचं, पोलिसाचं, लहान पोराचं, सगळ्यांचं. कुठे प्रेमाचा प्रसंग आला की म्हणत, "इथे ते दोघं हवापाण्याबद्दल बोलतायत." मागच्या बाकावर खसखस पिकायची. आणि कुठे बाईंनाच रडू आलं की त्या गप्प होत. मग मुलं म्हणायची, "बाई, पुढे सांगा ना."

दलदलीत राहणाऱ्या एका माणसाचा सिनेमा मला आठवतो. तो घर बदलताना घराचं दार तेवढं पाठीवर घेऊन निघतो. बर्फातल्या एका मास्तरांचा आठवतो. ते एकाच विद्यार्थ्यासाठी रोज डोंगर उतरून जातात. एका बहिऱ्या आजीचा आठवतो. तिची नातवंडं तिच्यामागे उभी राहून तिची टिंगल करतात आणि तिला ते सगळं समोरच्या खिडकीच्या काचेत दिसत असतं. त्या सिनेमाच्या वेळी पहिल्या बाकावरच्या एका उंच मुलाचं, सगळे ज्याला लांबू म्हणत त्याचं, तोंड उतरलेलं मी पाहिलं. शाळेसमोरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला ऐकू येत नसे आणि मुलं त्याच्या कानामागे घंटी वाजवत. त्या शनिवारनंतर ते बंद झालं. लांबू पुढच्या आठवड्यात त्याच्यासमोर जाऊन हातवारे करून पंक्चरबद्दल बोलला, असं शिपाईकाकांनी बाईंना सांगितलं. बाई दिवसभर आनंदात होत्या आणि मीही होतो. आपण कापड असूनही शिक्षक झालो असं मला वाटायला लागलं.

सिनेमा संपला की बाईंची एक पद्धत होती. 'या सिनेमातून काय शिकलात' असं त्या कधी विचारत नसत. माझ्यासमोर एक लाकडी खुर्ची ठेवत. ज्याला वाटेल त्याने तिच्यावर बसायचं आणि सिनेमातलं कुणीतरी एक होऊन बोलायचं. 'तो मुलगा असं करतो' असं म्हणायचं नाही, 'मी असं केलं' म्हणायचं. लांबू एकदा बहिरी आजी झाला होता. गोऱ्या गालांची, जाड काचांचा चष्मा लावणारी एक मुलगी होती, तिला सगळे चष्मिष म्हणत. ती दार वाहून नेणारा माणूस झाली आणि दार किती जड आहे ते सांगता सांगता खरोखर वाकली. खुर्चीवरून उठलं की टाळ्या. उठलेला माणूस परत लांबू किंवा चष्मिष व्हायचा आणि घरी जायचा. हा खेळ सगळ्यांना नीट कळत होता.

गावात बोलबाला झाला. दुसऱ्या शाळांतले शिक्षक येऊन मागे उभे राहू लागले. वर्तमानपत्रात फोटो आला, त्यात बाई होत्या, मुलं होती आणि माझा डावा कोपरा होता. मी अंगावर मूठभर मांस चढल्यासारखा मिरवत होतो, आणि तेव्हाच ती मुलगी आली.

ती दूरच्या देशातून आली होती. तिकडे लढाई सुरू झाली होती आणि तिचे आईवडील इकडे निघून आले होते. नाव कुणालाच धड उच्चारता येईना, म्हणून वर्गात ती 'नवी' झाली आणि नवीच राहिली. ती शेवटच्या बाकावर एकटी बसायची. आपली भाषा तिला तुटक येत होती. कुणी तिला छळलं नाही, हे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. फक्त कुणी तिच्याशी बोललं नाही. मधल्या सुट्टीत ती डबा उघडून बाकावरच खायची. मी गुंडाळलेला असलो तरी माझे कान उघडे असत, आणि त्या कोपऱ्यातून मला डब्याचं झाकण लागल्याचा आवाज तेवढा यायचा.

शनिवारी मात्र ती मला दिसायची. तिला सिनेमे आवडत. ती सगळ्यांसोबत हसायची, पण किंचित उशिरा, म्हणजे आधी इतर हसतात का ते बघून. चष्मिष हसली की नवी हसायची. तिला चष्मिषची मैत्रीण व्हायचं होतं. हे कुणी मला सांगितलं नव्हतं, पण अंधारात ती माझ्याकडे जेवढी बघायची त्याहून जास्त चष्मिषच्या वेणीकडे बघायची.

बाईंच्या जिवाला हे लागून राहिलं होतं. ही पोर एकटी पडली आहे, हिला वर्गाने आपलं म्हटलं पाहिजे, हे त्या शिपाईकाकांनाही सांगत. आणि त्यांना एकच औषध माहीत होतं. त्यांनी दोन महिने पत्रव्यवहार केला, ओळखीपाळखी काढल्या आणि नवीच्या देशातला एक सिनेमा मिळवला. तिला आधी दाखवला नाही, विचारलंही नाही. तिला चकित करायचं होतं.

त्या शनिवारी सिनेमा सुरू झाला आणि पहिलं वाक्य ऐकू आलं, तसा नवीचा चेहरा उजळला. इतक्या महिन्यांनी तिने आपली भाषा शाळेत ऐकली. तिचे ओठ हलायला लागले. बाईंनी सांगायच्या आधी तिला कळत होतं, आणि पहिल्यांदाच ती सगळ्यांच्या आधी हसली. तेवढी पाच मिनिटं ती या वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी होती. मी ती पाच मिनिटं विसरलेलो नाही.

सिनेमातली पुढची गोष्ट मला आवाजांवरून आणि बाईंच्या बोलण्यावरून कळली ती अशी. डोंगरातलं एक गरीब गाव. सैनिक येतात. एक मुलगी आई आणि तान्ह्या भावासोबत बर्फातून पळते. हातमोज्यात ती पावाचे सुके तुकडे साठवते. भाऊ तिच्या पाठीवर असतो आणि वाटेत थंडीने मरतो. ती ते आईला सांगत नाही. दोन दिवस त्याला तशीच पाठीवर घेऊन चालते. बाईंचा आवाज इथे तुटला. वर्गात सगळ्यांचे डोळे वाहत होते. आणि मग एकेक मान मागे वळू लागली. मुलं माझ्याकडे बघायचं सोडून शेवटच्या बाकाकडे बघत होती. माझ्यावरच्या उजेडात मला चाळीस डोकी पाठमोरी दिसली आणि मधोमध एकच चेहरा, घाबरलेला.

दिवे लागल्यावर बाई तिला प्रेमाने म्हणाल्या की तुला वाटलं तर तुझ्या घराबद्दल सांग. नवी उभी राहिली. तिने शब्द जुळवत सांगितलं की त्यांचं घर शहरात होतं, पाचव्या मजल्यावर. बाबा दातांचे डॉक्टर. ती पोहायला जायची.

लांबूने विचारलं, "म्हणजे तुम्ही बर्फातून चालत नाही आलात?"

"नाही," नवी म्हणाली. "विमान."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मुलांचे चेहरे पडले होते, दुकानात मागितलेली वस्तू संपली आहे असं सांगितल्यावर पडतात तसे. बाईंनी पटकन तिला बसवलं आणि वर्गाला हळू आवाजात म्हणाल्या, "काही गोष्टी बोलायला वेळ लागतो. आपण तिला वेळ देऊया." मित्रांनो, बाई वाईट नव्हत्या. पण त्या पोरीने खरं सांगितलं होतं आणि ते कमी पडलं होतं.

सोमवारी मधल्या सुट्टीत मुलांनी आपापल्या डब्यातल्या पावाच्या कडा काढून नवीच्या बाकावर ठेवल्या. चेष्टा म्हणून नाही, अगदी मनापासून. शिपाईकाका झाडायला आले तेव्हा तिथे छोटा ढीग होता. ते बाईंना म्हणाले की पोरीने हात लावला नाही, नुसती बघत बसली. बाईंचे डोळे भरून आले. त्यांना मुलांचं कौतुक वाटलं. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

पुढच्या शनिवारी बाईंनी दुसरा सिनेमा लावला नाही, त्याच सिनेमावर खुर्ची ठेवली. आधी लांबू बसला आणि ती डोंगरातली मुलगी होऊन बोलला. मग आणखी एक जण बसला. टाळ्या झाल्या. आणि मग शेवटच्या बाकावरून नवी आपणहून उठली. एवढ्या महिन्यांत ती कधी खुर्चीवर बसली नव्हती. ती आली, गुडघ्यांवर हात ठेवले आणि खेळाच्या नियमाप्रमाणे बोलायला लागली.

"माझा लहान भाऊ माझ्या पाठीवर होता," ती म्हणाली. "तो थंड झाला. मी आईला नाही सांगितलं. दोन दिवस मी चालले."

लांबू हेच बोलला होता. त्याच्या आधी चष्मिष दाराखाली वाकली होती. नवीने नियम मोडला नाही, तिने सगळ्यांसारखंच केलं. तिला सगळ्यांसारखंच व्हायचं होतं. पण टाळ्या वाजल्या नाहीत. पहिल्या बाकावर कुणीतरी हुंदका दिला. बाई स्टुलावरून उठल्या, धावत गेल्या आणि तिला पोटाशी धरून म्हणाल्या, "बोललीस गं शेवटी."

नवीला काही कळेना. तिने बाईंकडे पाहिलं, मुलांकडे पाहिलं. मग तिला उमजलं आणि सांगायला तिने तोंड उघडलं. तेवढ्यात चष्मिष बाक ओलांडून आली आणि तिच्या गळ्यात पडून रडू लागली. नवीचं उघडलेलं तोंड मी पाहिलं आणि मिटलेलंही पाहिलं. तिने हात वर केले, जरा थांबली आणि चष्मिषच्या पाठीवर ठेवले.

त्यानंतरचे तीन आठवडे तिच्या सुखाचे होते. ती दुसऱ्या बाकावर चष्मिषच्या शेजारी आली. मधल्या सुट्टीत तिच्या हसण्याचा आवाज येऊ लागला, आणि इतर हसतात का ते बघण्याआधीच ती हसत होती. कुणी भावाबद्दल बोललं की ती खाली बघायची, आणि मुलं म्हणायची, जाऊ दे, तिला त्रास नको. त्यामुळे तिला दुसऱ्यांदा खोटं बोलावं लागलं नाही. पहिल्यांदाही ती खोटं बोलली नव्हतीच.

मग पालकांचा शनिवार ठरला. शिक्षण खात्यातले साहेब येणार होते. मुलांनी आपणहून एक बेत केला. मोठ्या पुठ्ठ्यावर चष्मिषने चित्र काढलं, बर्फात झोपलेलं बाळ आणि वर चांदण्या. खाली सगळ्या वर्गाने सह्या केल्या. कार्यक्रमात नवीच्या भावासाठी एक मिनिट उभं राहायचं आणि चित्र तिच्या वडिलांना द्यायचं. नवीला हे कळलं तेव्हा तिने बाईंना सांगितलं की बाबांना वेळ नाही. घरी द्यायची चिठ्ठी तिने दिलीच नाही. बाईंना वाटलं, पोर संकोचते आहे. त्यांनी शिपाईकाकांच्या हाती दुसरी चिठ्ठी थेट घरी पाठवली.

तिचे बाबा आले. उंच, इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, जणू मोठ्या समारंभाला आले आहेत. त्यांच्या खांद्यावर दीडेक वर्षाचं गुटगुटीत बाळ होतं. ते बिस्कीट चोखत होतं. वर्ग भरलेला, त्यांना मागे जागा मिळाली. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. नवीने मात्र त्यांना दारातच पाहिलं होतं. तिचा चेहरा माझ्या अंगासारखा पांढरा पडला.

बाई माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आपल्यातल्या एका कुटुंबाने वाटेत आपलं बाळ गमावलं, त्याच्या आठवणीसाठी सगळे उभे राहूया. सगळे उठले. नवीचे बाबाही उठले. त्यांना अर्धंच कळलं असावं. त्यांनी आदराने मान खाली घातली. त्या शांततेत एकच आवाज होता, बाळ त्यांच्या खांद्यावर बिस्किटाने थापा मारत होतं त्याचा.

मिनिट संपलं. चष्मिष चित्र घेऊन बाकांमधून मागे गेली आणि ते तिने दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चित्र बराच वेळ न्याहाळलं. मग बाईंना विचारलं, "हे कोण?"

"तुमचा मुलगा," बाई म्हणाल्या.

त्यांनी खांद्यावरच्या बाळाकडे पाहिलं. "माझा मुलगा हा," ते म्हणाले. "एकच आहे."

मग त्यांनी आपल्या भाषेत मुलीला काहीतरी विचारलं. ती खाली बघत राहिली. त्यांनी परत विचारलं. मग ते बाईंकडे वळून म्हणाले, "माझी मुलगी खोटं बोलली?"

मित्रांनो, मी बाईंच्या पाठीमागे होतो, पण त्या क्षणी त्यांनी मान वळवून खुर्चीकडे पाहिलं आणि मला त्यांचा चेहरा दिसला. त्यांना सगळं कळलं होतं. 'नाही, ती खोटं बोलली नाही, हा आमचा खेळ आहे, चूक माझी झाली', एवढंच सांगायचं होतं. पण पुढच्या रांगेत मोठे सर होते, खात्यातले साहेब होते, वर्तमानपत्रवाले होते. बाई गप्प राहिल्या. दर शनिवारी दुसऱ्यांचं बोलणं मोठ्याने सांगणाऱ्या आमच्या बाईंना स्वतःचं एक वाक्य सांगता आलं नाही.

बाबांना ती शांतता म्हणजे उत्तर वाटलं. त्यांनी बाळाला खाली ठेवलं, सरळ उभे राहिले आणि सगळ्या वर्गाला म्हणाले, "माफ करा." मग मुलीचा हात धरून तिला पुढे आणलं, माझ्यासमोर, त्या खुर्चीजवळ. तिनेही सगळ्यांना म्हटलं, "माफ करा." ती रडली नाही. बाळ मात्र तिच्या पायांना मिठी मारून हसत होतं.

त्यानंतर वर्ग तिला खोटारडी म्हणू लागला. सोमवारी चष्मिषने आपली वही उचलली आणि दुसरीकडे बसली. जाताना एवढंच म्हणाली, "मी खरं रडले होते." ते खरंच होतं, आणि म्हणूनच त्यावर काही इलाज नव्हता. मेलेल्या भावासाठी रडलेल्या मुलांना जिवंत भावाचा राग आला होता.

पुढच्या शनिवारी बाईंनी वर्गाला सगळं समजावून सांगितलं. नवीने नियमच पाळला होता, चूक आपली झाली, आपली म्हणजे माझी, असं त्या म्हणाल्या. लांबूने विचारलं, "मग बाई, तुम्ही तेव्हा का नाही बोललात?" नवी त्या दिवशी आलीच नव्हती. मुलं ऐकून घरी गेली आणि सोमवारी काही बदललं नाही.

आणखी दोन आठवड्यांनी तिचे बाबा दाखला न्यायला आले. ते मोठ्या सरांच्या खोलीत असताना नवी वर्गात आली. वर्ग मैदानावर गेला होता. मी उघडा होतो, कारण शिपाईकाका मला पुसत असताना त्यांना कुणीतरी हाक मारली होती. ती दप्तर घेऊन निघाली, थांबली आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. मग ती बोलू लागली, आपल्या भाषेत. भरभर, न अडखळता, हातवारे करत. मधेच ती हसली. मधेच तिने हवेत कशाला तरी हात लावून दाखवला. ती इतकं आणि इतकं छान बोलू शकते हे शाळेत कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या अंगावर तेव्हा उजेड नव्हता, खाली अक्षरं नव्हती आणि डाव्या बाजूचं स्टूल रिकामं होतं. मला एक शब्दही कळला नाही. बाहेरून हाक आली तशी ती उठली, खुर्ची भिंतीला लावली आणि गेली.

बाईंनी नंतर तिच्या घरी पत्र पाठवलं. ते कुटुंब दुसऱ्या गावी गेलं होतं, पत्र परत आलं. बाईंनी पुन्हा कधी सिनेमा लावला नाही. निवृत्त होईपर्यंत त्यांनी राजधान्या पाठ करून घेतल्या. जायच्या दिवशी त्या माझ्यापाशी आल्या, माझ्या नळीवरून एकदा हात फिरवला आणि गेल्या.

आता वर्गात भिंतीवर मोठा चकचकीत फळा बसवला आहे, तो आपोआप पेटतो. त्यावर देशोदेशीच्या मुलांची चित्रफीत दाखवतात आणि शेवटी 'तुम्हाला कसं वाटलं' असा प्रश्न येतो, त्याखाली हसरी आणि रडकी तोंडं असतात. मुलं रडक्या तोंडावर बोट ठेवतात आणि पूर्ण गुण मिळवतात. रात्री त्या फळ्यावर धूळ बसू नये म्हणून आता मला नळीतून काढून त्याच्यावर टाकतात. माझा लेप तडकला आहे, मणी गळत आहेत. मी पुन्हा पांढरा व्हावा असं मला वाटत नाही, आणि मला कुणी दुरुस्त करा असंही माझं मागणं नाही.

मागणं आहे ते तुमच्याकडे, आणि ते तुम्ही मान्य कराल अशी मला फारशी आशा नाही. मित्रांनो, सिनेमे बघा, लांबच्या माणसांसाठी रडा, त्यात वाईट काही नाही. पण तुमच्या वर्गात कुणी नवं आलं तर त्याचं दुःख शोधू नका. त्याला विचारा, घरी कोण कोण असतं? आणि ते सांगेल ते खरं माना. नवी आमच्या वर्गात सात महिने होती. चाळीस मुलं आणि एक चांगल्या बाई तिच्यासाठी रडल्या, पण हा प्रश्न तिला कुणीच विचारला नाही.